वाऱ्याने आखलेला त्रिकोण

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील ब्रँडन शहराच्या उत्तरेला, सपाट शेतजमिनीत वसलेला विमानतळ मुळात प्रवाशांसाठी बांधलेलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात राष्ट्रकुलातील देशांसाठी वैमानिक, विमानाचा मार्ग आखणारे दिशादर्शक व तोफची घडवण्याचा करार डिसेंबर 1939 मध्ये झाला आणि त्यानुसार 1941 मध्ये येथे बारा क्रमांकाची वैमानिक प्रशिक्षण शाळा सुरू झाली. टायगर मॉथसारख्या साध्या विमानावर प्राथमिक धडे गिरवून आलेले शिकाऊ येथे दोन इंजिनांचे विमान हाताळायला शिकत.

अशा तळांचा आराखडा बहुधा त्रिकोणी असे आणि त्यामागचे कारण मोठे रंजक आहे. पंखांना मिळणारी उचल जमिनीवरील वेगावर नव्हे, तर हवेच्या सापेक्ष वेगावर अवलंबून असल्याने विमान समोरून येणाऱ्या वाऱ्यात उडवणे आणि उतरवणे सोयीचे असते. आडवा वारा मात्र त्या काळच्या विमानांना फार जाचक होता. त्यांची मुख्य चाके पुढे आणि छोटे चाक शेपटीखाली असे. त्यामुळे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडे, आणि नाक जरासे वळले की मागचे वजन ते वळण आणखी वाढवी. नवख्याच्या हातातले विमान पाहता पाहता गर्रकन फिरे.

तीन धावपट्ट्या एकमेकींशी 60 अंशांचा कोन करून आखल्या, तर उतरण्यासाठी सहा दिशा मिळतात आणि वारा कुठूनही आला तरी तो जवळच्या पट्टीशी 30 अंशांहून अधिक कोन करत नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा आडवा घटक मग फार तर 20 किलोमीटर भरतो. शाळेतल्या त्रिकोणमितीचा इतका रोकडा उपयोग क्वचितच दिसतो!

पुढे नाकाखाली चाक असलेली विमाने रूढ झाली. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ती आपोआप सरळ होऊ पाहतात. शिवाय जड विमानांना अनेक आखूड पट्ट्यांपेक्षा एक लांब पट्टी हवी असते. ब्रँडनची मुख्य धावपट्टी आज साधारण पूर्व-पश्चिम आहे. तेथून कॅलगरीची विमानसेवा 2013 मध्ये सुरू झाली. युद्धकाळात पोलाद दुर्मीळ असल्याने लाकडात उभारलेल्या हँगरांपैकी (विमाने ठेवण्याच्या शेडांपैकी) एकात आता याच प्रशिक्षण योजनेचे संग्रहालय आहे.