चेरोकींची लिपी आणि त्यांची हकालपट्टी

१७९१ च्या होल्स्टन तहात अमेरिकी सरकारने आग्नेय अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी लोकांना शेतीची अवजारे देऊ केली. शिकार सोडा, नांगर धरा, गुरे पाळा, हा त्यामागचा आग्रह. चेरोकींनी तो मनावर घेतला. शेती वाढली, मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. श्रीमंत चेरोकींनी गोऱ्या शेजाऱ्यांसारखे कृष्णवर्णीय गुलामही बाळगले. हे वगळून त्यांची गोष्ट सांगणे खोटेपणाचे होईल.

मला सर्वांत थक्क करतो तो सिक्वोया हा चेरोकी. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. कागदावर बोलणे उतरवता येते, एवढेच त्याने पाहिले होते. त्यावरून १८२१ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेची लिपी घडवली. आपल्याकडे ‘क’ला काना, वेलांटी लावून का, की होतात, त्याच्या लिपीत अशा जवळजवळ प्रत्येक उच्चाराला वेगळे चिन्ह, एकूण ८५ च्या आसपास. लोक ती झपाट्याने शिकले. १८२७ मध्ये चेरोकींनी लिखित राज्यघटना स्वीकारली आणि १८२८ मध्ये न्यू इकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फीनिक्स’ हे दोन भाषांतले वृत्तपत्र निघाले. संपादक होते इलायस बूडिनो.

न्यू इकोटा ज्या राज्याच्या हद्दीत होते, त्या जॉर्जियाला हेच खुपले. राज्यघटना करणारे लोक जमीन सोडून जाणारे नव्हेत, हे उघड होते. त्यात त्या भागात सोने सापडले. १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या पुढाकाराने मूळनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा, म्हणजे स्थलांतराचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी निसटता मंजूर झाला. चेरोकी कोर्टात गेले. १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी चेरोकी प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असा निकाल दिला. तरीही जॉर्जियाने चेरोकींच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांना वाटल्या.

आता लढून उपयोग नाही, असे मानणाऱ्या मोजक्या लोकांनी डिसेंबर १८३५ मध्ये जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या न्यू इकोटाच्या तहावर सह्या केल्या. त्यांत मेजर रिज होते, बूडिनोही होते. प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो चेरोकींच्या सह्यांचा विरोध वॉशिंग्टनला पोचवला, पण सिनेटने एका मताच्या फरकाने तह मंजूर केला.

मे १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉट यांचे सैनिक घरोघरी आले. माणसांना आधी लाकडी कुंपणांच्या तळांत कोंडले. तिथे रोगराईने, मग थंडीतल्या वाटचालीत माणसे गेली. सुमारे १६,००० पैकी ४,००० हा मृतांचा नेहमी दिला जाणारा अंदाज. गुलामांनाही त्याच वाटेने चालावे लागले. १८३९ मध्ये मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन आणि बूडिनो यांना, तहावर सह्या केल्याबद्दल, चेरोकींनीच एका दिवशी ठार केले.

१८४४ मध्ये पश्चिमेकडच्या, आजच्या ओक्लाहोमातल्या ताहलेक्वा या नव्या राजधानीतून ‘चेरोकी अ‍ॅडव्होकेट’ हे वृत्तपत्र निघू लागले. त्यातही सिक्वोयाचीच अक्षरे होती.