पायाच्या स्प्लिंटच्या मापाला येण्याआधी (एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आणि घरच्यांसाठी)

पाऊल घासतं, अंगठा उंबऱ्याला अडखळतो, म्हणून डॉक्टर एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल सावरणारा स्प्लिंट, लिहून देतात. मग घरचं कुणीतरी चिठ्ठी घेऊन येतं आणि म्हणतं, "सात नंबरचा बूट लागतो, त्या मापाचा द्या." आम्ही बुटाच्या नंबरावर स्प्लिंट देत नाही. पेशंट स्वतः आले तरी सकाळी माप घेत नाही. यावरून नाराजीचे फोन येतात, म्हणून कारण सविस्तर लिहीत आहोत.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब झालेलं असतं. तिथून संदेश आधीच कसाबसा पुढे जातो. अंगातली उष्णता अर्धा अंश वाढली तरी तो अडू शकतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० साली हे नजरेच्या बाबतीत नोंदवलं होतं, पायाचंही तसंच होतं. सकाळी गाडीतून उतरून दुकानात दहा पावलं टाकणारा पाय चांगला दिसतो. तोच पाय संध्याकाळी इंदूरच्या राजवाडा भागातल्या गर्दीत वीस मिनिटं फिरल्यावर ओढला जातो, घोटा आत वळतो, पोटरी आखडते. सकाळच्या पायावरून हलका स्प्लिंट दिला की थोड्याच दिवसांत तो परत येतो. मग नवा साचा, पुन्हा चार-पाच दिवसांची वाट.

म्हणून मापाची वेळ दुपारी चार ते सात. आधी सहा मिनिटं चालायचं. खुर्ची जवळच असते, हवं तेव्हा बसा. शेवटच्या मिनिटाला पाऊल काय करतं ते पाहून मगच प्लास्टरचा साचा घेतो. "उगाच दमवता" असं काहींना वाटतं, पण दमलेला पाय पाहिल्याशिवाय पट्टी किती जाड हवी ते कळत नाही. पाऊल नुसतं लटकत असेल तर मागच्या बाजूला पातळ पट्टी असलेला स्प्लिंट पुरतो, आणि तो स्वस्तही पडतो. आखडलेपणा जास्त असेल तर घोटा धरून ठेवणारा कडक किंवा बिजागरीचा लागतो.

येताना रोजचे बूट आणा. चपलेत एएफओ बसत नाही. बूट लेसचे किंवा वेल्क्रोचे, आतली गादी निघणारे, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे असावेत. स्वयंपाकघरात बूट कसे घालायचे, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ताई विचारतात. घरापुरता एक जोड वेगळा ठेवा, बाहेर नेऊ नका. नुसत्या स्प्लिंटने गुळगुळीत फरशीवर पाय हमखास घसरतो.

पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज तासाभराने वाढवा. आत गुडघ्यापर्यंतचा, शिवण नसलेला सुती मोजा हवा. इंदूरच्या मे महिन्यात मोज्यांचे दोन जोड जवळ ठेवा, ओला झाला की बदला. एमएसमध्ये पायाची संवेदना कमी असू शकते, तेव्हा टोचत नाही म्हणजे ठीक आहे असं समजू नका. काढल्यावर टाच, घोट्याची हाडं आणि पोटरीची कड डोळ्यांनी पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर वापर थांबवून आमच्याकडे या. तासणं आणि आतला फोम बदलणं तीन महिने मोफत आहे. गॅसवर तापवून वाकवू मात्र नका. पट्टी तिथेच तडकते.

काठी घेत असाल तर ती कमजोर पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बूट घालून उभं राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेघेशी यावी.

आणि एक गोष्ट स्प्लिंटने सुटणारी नाही. उन्हातून आल्यावर वाढलेला त्रास गार जागी बसल्यावर बहुधा उतरतो. पण नवीन अशक्तपणा किंवा बधिरपणा २४ तासांहून जास्त टिकला, तर मापाची तारीख पुढे ढकला आणि आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर तेही सांगा, कारण संसर्गानेही पाय असाच ढिला पडतो. त्या अवस्थेत घेतलेलं माप पुढे उपयोगी पडत नाही, आणि आम्ही ते घेतही नाही.