स्पर्शिका, टॅन आणि टॅन्जंट: पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मराठी माध्यमाची मुलं दहावीपर्यंत ‘स्पर्शिका’, म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत शिवणारी रेषा, काढतात. पी.यू.सी.ला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीत आणि तीच रेषा ‘टॅन्जंट’. शेजारच्या कन्नड वर्गात ती ‘स्पर्शक’. इथवर अडचण नाही. तिन्ही शब्दांत शिवण्याचाच अर्थ आहे, लॅटिन मूळ क्रियापदाचाही तोच. घोळ होतो त्रिकोणमितीत. तिथे ‘टॅन’ (हेही ‘टॅन्जंट’चंच छोटं रूप) म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू. यात कोण कुणाला शिवतं?

गुणोत्तर जुनं, नाव नंतरचं. आपल्याकडे उन्हात शंकू, म्हणजे सरळ काठी, उभा करून त्याच्या सावलीवरून सूर्याची उंची (क्षितिजापासूनचा कोन) काढत. अरबी ज्योतिषांनी सावल्यांचेच तक्ते केले आणि लॅटिनमध्येही आधी ‘सावली’ हाच शब्द चालत होता. ‘साइन’ तर आपल्या ज्या-जीवेचंच, म्हणजे धनुष्याच्या दोरीचं, अरबीतून फिरून आलेलं रूप. मराठीत आपण वर्तुळाची ‘जीवा’ म्हणतो, कन्नड पुस्तकात तिलाच ‘ज्या’ म्हणतात.

1583 मध्ये डेन्मार्कच्या एका गणितज्ञाने आपल्या लॅटिन ग्रंथात या गुणोत्तराला ‘टॅन्जंट’ म्हटलं. त्याचं कारण आकृतीत दिसतं. 1 एकक त्रिज्येचं वर्तुळ काढा. एक त्रिज्या आडवी ठेवा आणि तिच्या टोकाशी उभी स्पर्शिका काढा. आता केंद्रातून कोन करून दुसरी त्रिज्या वर न्या आणि स्पर्शिकेला मिळेपर्यंत वाढवा. स्पर्शिकेचा जो तुकडा कापला जातो, त्याची लांबी म्हणजे टॅन. कोन 45 अंशांचा असेल तर तुकडा बरोबर 1. कोन 90 अंशांकडे सरकला की तुकडा लांबतच जातो, आणि 90 ला दोन्ही रेषा समांतर, भेटच नाही. टॅन 90 ला किंमत का नाही, हे घोकावं लागत नाही.

त्याच काळातल्या एका फ्रेंच गणितज्ञाला हे नाव पटलं नव्हतं. भूमितीतल्या स्पर्शिकेशी गल्लत होईल, असं त्याचं म्हणणं होतं आणि त्याने वेगळं नावही वापरून पाहिलं. ते टिकलं नाही. गल्लतीचा धोका खरा होता, पण आपल्याकडे नुकसान उलट्या बाजूने झालं. हिंदीने रेषेला ‘स्पर्शरेखा’ आणि गुणोत्तराला ‘स्पर्शज्या’ म्हणून दोन्ही वेगळे केले, तरी नातं राखलं. मराठी वर्गात रेषा ‘स्पर्शिका’ झाली आणि गुणोत्तर नुसतं ‘टॅन’ राहिलं. गल्लत टळली खरी, पण वरची आकृती कुणी काढून दाखवली नाही तर दोन्हींचं रक्ताचं नातं मुलांना कळतच नाही. पी.यू.सी.त दोघांना एकदमच ‘टॅन्जंट’ म्हटलं जातं, तेव्हा सीमाभागातलं मूल गोंधळतं. हा दोष त्याचा नाही.

रेषेचा अर्थही एका जागी थांबला नाही. ग्रीक व्याख्येत स्पर्शिका वर्तुळाला मिळते, पण कापत नाही. सतराव्या शतकात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आलं आणि ही अट गळाली. y = x³ या वक्राची शून्यापाशीची स्पर्शिका त्याच बिंदूत वक्राला कापून पलीकडे जाते.

इंग्रजी बोलण्यात ‘टॅन्जंटवर जाणं’ म्हणजे विषय सोडून भलतीकडे जाणं. जोंधळ्यावरची पाखरं हाकणाऱ्याने गोफण गरगर फिरवून दोरीचं एक टोक सोडलं की दगड गोल फिरत राहत नाही. सुटल्या बिंदूपाशी जी स्पर्शिका, त्या दिशेने तो सरळ निघतो. मराठीत आपण विषयाला फाटे फोडतो, म्हणजे आपली प्रतिमा झाडाची. कॉलेजातली मुलं मात्र ‘लेक्चर टॅन्जंट गेलं’ म्हणतात, म्हणजे डोक्यात शिरलंच नाही, फार तर चाटून गेलं.

बेळगावात 1998 पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्यामुळे सर्व्हेइंगमधला, म्हणजे जमीन-रस्त्यांच्या मोजणीतला, अर्थही इथल्या घराघरांत पोचलाय. रस्त्याच्या वळणाला दोन्हीकडून येऊन मिळणारे सरळ भाग म्हणजे टॅन्जंट. ते पुढे वाढवले की जिथे एकमेकांना छेदतात, तिथपासून वळण सुरू होतं त्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे टॅन्जंटची लांबी. ती काढायची तर वळणाची त्रिज्या गुणिले, रस्ता जितक्या अंशांनी वळतो त्याच्या निम्म्या कोनाचा टॅन. त्रिज्या 100 मीटर आणि वळण 60 अंशांचं असेल तर टॅन 30, म्हणजे सुमारे 0.577, आणि लांबी 57.7 मीटर. बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटातल्या वळणावर खुंटी ठोकताना रेषा आणि गुणोत्तर दोन्ही एकाच सूत्रात हाताशी येतात.