पद्मिनीची वॉटर बॉडी घेताय? आधी उलटी करून बघा

काउंटरवर दोन वॉटर बॉडी, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी फिरवणारे पंप, ठेवलेल्या, एक चकचकीत सिल्व्हर रंगाची, दुसरी मळकट, आणि दुकानदार म्हणतो दोन्ही सेमच आहेत की मालक. मी दोन्ही उलट्या केल्या. खरा माल मागच्या बाजूला असतो, पाण्यात फिरणारं पात्यांचं चक्र, म्हणजे इंपेलर, तिथं दिसतो.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. तुळजापूरचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा हलत नाही आणि सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलला उभी राहिली की लालकडे. रेडिएटर चोक असता तर आधी घाटात बोंबलली असती ना? फॅन, बेल्ट ठीक होते म्हणून पंपावर संशय आला.

हा पंप सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाणी गरागरा फिरवून बाहेरच्या कडेला फेकतो, आणि फेकायचा जोर आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३२०० आरपीएमला जेवढं प्रेशर, ८०० च्या आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, त्याचा फक्त सोळावा हिस्सा! आता पाती आणि बॉडी यांच्यात फट जास्त असली तर फेकलेलं पाणी त्याच फटीतून मागं येतं आणि तिथंच गोल गोल फिरत बसतं. हायवेला पाणी गरजेपेक्षा जास्तच असतं त्यामुळे हा तोटा खपून जातो, पण सिग्नलला मुळातच कमी, वर ४२ डिग्रीचं ऊन, मग कसं चालायचं. फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास हवी. चकचकीत बॉडीत आगपेटीची काडी आरामात गेली, ती तिथंच बाद.

मळकटचा इंपेलर झकास होता, पण पुली बसायची जागा जुन्यापेक्षा थोडी पुढं, म्हणजे बेल्ट तिरका पळणार आणि बेअरिंग खाणार. पद्मिनीत फॅनचं वजन पण त्याच शाफ्टवर असतं हे विसरू नका.

शेवटी दोन्ही परत दिल्या. जुन्या बिडाच्या बॉडीला तडा नव्हता, पाती शाबूत होती, म्हणून नुसतं किट आणलं आणि लेथवाल्याकडून शाफ्ट, बेअरिंग, सील बदलून घेतलं, फट पण त्यानंच इंपेलर प्रेस करताना सेट केली. सीलमध्ये कार्बनची रिंग सिरॅमिकवर घासते, मधला पाण्याचा पातळ थर हेच तिचं वंगण, त्यामुळे पाणी न भरता इंजिन चालवून बघायचं नाही, एक मिनिट पण नाही. बोअरचं पाणी पण नको, आपल्याकडचं जड आहे, क्षार बसतात आणि सील खरवडतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट टाका, नुसत्या डिस्टिल्डनं बीड गंजतं.

आणि बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब पडायला लागले की सील गेलं समजायचं. काही जण ते भोकच सीलंटनं बुजवतात, मग तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि एक दिवस फॅन जाऊन रेडिएटरवर आपटतो. परवा भर दुपारी सात रस्त्याला लागोपाठ तीन सिग्नल लागले, काटा मधेच होता, भोक कोरडं.