टाचेची क्ष-किरण तपासणी

टाचेच्या हाडाचे क्ष-किरणांच्या साहाय्याने घेतलेले चित्र. रूढ भाषेत टाचेचा एक्स-रे. टाचेला मार लागल्यास किंवा टाचदुखीचे कारण लक्षणांवरून उलगडत नसल्यास बहुधा हीच पहिली प्रतिमा-तपासणी असते. उंचावरून टाचेवर पडणे, पाय टेकवता न येणे, टाच दोन्ही बाजूंनी दाबताच कळ येणे, विश्रांतीनेही न थांबणारी वेदना ही ती करण्याची प्रमुख कारणे होत. सकाळी पहिले पाऊल टाकताना होणारी आणि थोडे चालल्यावर ओसरणारी टाचदुखी मात्र रुग्णाच्या सांगण्यावरून व हाताने तपासून ओळखता येते. तिच्यासाठी सुरुवातीलाच चित्र काढण्याचा फारसा लाभ नाही. घोटा मुरगळल्यावर क्ष-किरण चित्र कोणाचे काढावे हे ठरवणारे ओटावा नियम (1992) टाचेला लागू करणे योग्य नव्हे. त्यांत घोट्याची दोन्ही टोके, नौकाकृती हाड व पाचव्या प्रपदास्थीचा (करंगळीमागील लांब हाडाचा) तळ एवढ्याच जागा दाबून पाहिल्या जातात. टाचेचे हाड त्यांत येत नाही.

तंत्र : सामान्यतः दोन चित्रे घेतात. बाजूच्या चित्रासाठी रुग्ण दुखऱ्या कुशीवर झोपतो, पावलाची बाहेरची कड चित्र टिपणाऱ्या पट्टिकेवर टेकलेली असते आणि पाऊल नडगीशी काटकोनात ठेवलेले असते. दुसऱ्या, म्हणजे अक्षीय चित्रात किरण तळव्याकडून सुमारे 40 अंश तिरपे सोडतात. त्यासाठी पाऊल वरच्या दिशेने ताणून धरावे लागते. चवड्याखालून घेतलेल्या कापडी पट्टीची दोन्ही टोके रुग्ण स्वतःच आपल्याकडे ओढून धरतो. पाऊल पुरेसे ताणले गेले नाही, तर चित्रात हाडाची लांबी व आकार बिघडतो आणि पुढचा भाग इतर हाडांखाली झाकला जातो. ताज्या अस्थिभंगात असे ताणणे असह्य होते, म्हणून तेथे पट्टीचा आग्रह न धरता किरणनळीचाच कोन बदलतात. अक्षीय चित्र हॅरिस व बीथ यांच्या नावाने ओळखले जाते. कॅनडाच्या सैनिकांच्या पावलांची पाहणी करणाऱ्या या दोघांनी 1948 मध्ये ताठर सपाट पायाच्या कारणांवरील लेखात त्याचा उपयोग दाखवला. टाचेचे व घोट्याचे हाड यांमधील सांध्याचा मागचा पृष्ठभाग पाहण्यासाठी ब्रोडेन यांची तिरपी चित्रे घेत असत. सीटी स्कॅन आल्यापासून त्यांचा वापर बराच घटला आहे.

अस्थिभंग व कोनमापन : गुल्फातील (पावलाच्या मागच्या भागातील) सात हाडांपैकी टाचेचे हाड सर्वांत मोठे असून गुल्फातील अस्थिभंगांपैकी सुमारे 60 टक्के याच हाडाचे असतात, असा आकडा ग्रंथांतून चालत आला आहे. यांतील सुमारे तीन-चतुर्थांश भंगांत भेग सांध्यापर्यंत जाते. व्हिएन्नाचे अस्थिशल्यविशारद लोरेन्झ ब्योलर यांनी 1931 मध्ये सुचवलेला कोन आजही मोजला जातो. बाजूच्या चित्रात मागच्या सांधापृष्ठाचा सर्वोच्च बिंदू घेऊन एक रेषा पुढच्या टोकाच्या सर्वोच्च बिंदूकडे व दुसरी टाचेच्या मागच्या उंचवट्याच्या माथ्याकडे काढतात. या रेषांमधील लघुकोन प्रौढांत साधारणपणे 20 ते 40 अंश असतो. हाड चेपले की तो कमी होतो, कधी शून्याखालीही जातो. व्यक्तिपरत्वे फरक मोठा असल्याने दुसऱ्या पायाशी तुलना करणे अधिक विश्वसनीय. कोन ठीक आहे एवढ्यावरून अस्थिभंग नाही असे मात्र म्हणता येत नाही.

बाजूच्याच चित्रात मागच्या सांधापृष्ठाचा उतार व हाडाच्या पुढच्या टोकाचा चढ यांमध्ये मोजल्या जाणाऱ्या गिसेन यांच्या कोनाबाबत एकवाक्यता नाही. काही ग्रंथांत त्याची प्राकृत मर्यादा 95 ते 105 अंश, तर काहींत 120 ते 145 अंश दिलेली आढळते. हा फरक पाहता ब्योलर कोनावर भर देणे श्रेयस्कर ठरते. 1952 मध्ये प्रसिद्ध झालेले एसेक्स-लोप्रेस्टी यांचे वर्गीकरण साध्या चित्रांवर आधारलेले आहे, तर 1993 चे सँडर्स यांचे वर्गीकरण सीटी स्कॅनवर. शस्त्रक्रियेच्या निर्णयासाठी आज दुसरे अधिक वापरतात. उंचावरून पडलेल्या रुग्णाची दुसरी टाच व पाठीचा कणाही तपासणे आवश्यक असते.

टाचेचा काटा : टाचेच्या तळाशी पुढे निघालेली हाडाची अणकुची बाजूच्या चित्रात सहज दिसते. ‘हाड वाढले आहे’ असे रुग्णाला सांगितले जाते ते बहुधा हिच्याविषयी. तिच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय सामान्यतः प्लेटनर या जर्मन वैद्याला (1900) दिले जाते. हे वर्णन क्ष-किरणांच्या शोधानंतर (1895) पाचच वर्षांचे आहे. अर्थात काटा त्याआधीही होता. प्राचीन सांगाड्यांतही तो आढळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी काही शल्यविशारदांनी त्याचा संबंध परमा या लैंगिक संसर्गाच्या रोगाशी जोडला होता. ते मत आता मागे पडले आहे. मात्र प्रतिक्रियात्मक संधिशोथात (जननमार्ग वा आतड्यांतील जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या सांधेसुजेत) टाचेवर अस्पष्ट, पिंजल्यासारख्या कडेची हाडवाढ दिसते, हे लक्षात घेता त्या निरीक्षणाला काही आधार असावा.

काटा का वाढतो यावर दोन मते आहेत. तळपायाचा चिवट पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, वारंवार ओढला गेल्याने हाड त्या दिशेने वाढते, हे जुने व अद्याप सर्वाधिक सांगितले जाणारे मत. परंतु ऊतकांच्या तपासणीत काटा बऱ्याचदा फॅशियात नसून त्याच्या वर, बोटे वाकवणाऱ्या आखूड स्नायूच्या उगमापाशी आढळला; तसेच त्यातील अस्थिपट्ट्यांची (हाडाच्या आतील बारीक जाळीदार पट्ट्यांची) मांडणी नेहमी ओढीच्या दिशेने नसते. यावरून उभ्या दाबापासून संरक्षण म्हणून तो वाढत असावा, असे दुसरे मत पुढे आले. वय व वजन यांच्याशी त्याचा संबंध दिसतो, ही बाब या दुसऱ्या मताशी अधिक जुळते. वाद काहीही असो, टाच कधीच न दुखलेल्या अनेकांत काटा असतो आणि टाच दुखणाऱ्या अनेकांत तो नसतो. त्यामुळे काट्याची लांबी मोजून वेदनेचे स्पष्टीकरण देणे युक्त नाही.

इतर निष्कर्ष : ताणजन्य अस्थिभंगात पहिले चित्र अनेकदा निर्दोष असते, दोन-तीन आठवड्यांनी अस्थिपट्ट्यांना आडवी अशी पांढुरकी रेघ उमटते. संशय कायम असल्यास तोपर्यंत न थांबता एमआरआय करतात. हाडाच्या मध्यभागी अस्थिपट्ट्या विरळ असलेला एक त्रिकोणी भाग असतो. तो पोकळ गाठीसारखा भासू शकतो. टाचेच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातील उंचवटा हागलुंड (1928) यांच्या नावाने ओळखतात.

मुलांत टाचेच्या मागचे वाढकेंद्र साधारण पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान दिसू लागते, मुलींत काहीसे आधी. ते दाट पांढरे व तुकड्यातुकड्यांचे दिसणे प्राकृतच आहे. सेव्हर यांनी 1912 मध्ये वर्णिलेल्या टाचदुखीचा पुरावा म्हणून हे स्वरूप पूर्वी दाखवले जाई. आता या विकाराचे निदान टाच दाबून करतात आणि चित्राचा उपयोग अस्थिभंग, जंतुसंसर्ग वा गाठ वगळण्यापुरता मानतात.

किरणमात्रा : हातापायांच्या चित्रासाठी सुमारे 0.001 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणमात्रा मोजण्याचे एकक). निसर्गातून वर्षभरात मिळणारी जागतिक सरासरी मात्रा सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट आहे; त्या हिशेबाने ही मात्रा तीन-चार तासांतील नैसर्गिक मात्रेएवढी भरते.