शोध लागतो इथे, नोंदला जातो कुठे?

केंद्र सरकारची ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, संशोधनलेख छापणारी सुमारे १३,००० नियतकालिके आणि ती वाचण्याची मुभा असलेल्या ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण बातमी वाचून कुणालाही प्रश्न पडेल, नुसते वाचण्यासाठी एवढे पैसे कशाला? त्यातले कितीतरी लेख सरकारी पगारावरच्या संशोधकांनीच, सरकारी अनुदानातून केलेल्या कामावर लिहिलेले असतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

अशी नियतकालिके निघण्याआधी शास्त्रज्ञ आपले शोध दडवून ठेवत. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीभोवती काहीतरी विचित्र पाहिले, तेव्हा त्याने ते अक्षरांची उलटापालट करून खगोलशास्त्रज्ञ केप्लरला कळवले. शोध आपला असल्याची नोंद व्हावी, पण काय सापडले ते दुसऱ्याला कळू नये, हा हेतू. १६६५ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्या वर्षी, पॅरिसला ‘जुर्नाल दे सावां’ आणि दोनच महिन्यांनी लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ अशी दोन नियतकालिके निघाली. लंडनचे नियतकालिक रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी काढले. त्यांच्याकडे युरोपभरातून शास्त्रज्ञांची पत्रे येत. ती निवडून, तारीख घालून ते छापू लागले. जो आधी उघड करील त्याच्या नावावर शोध, असा रिवाज त्यातून हळूहळू रुजला. दडवण्यातला फायदा संपला आणि सांगण्यात फायदा निर्माण झाला. विज्ञानाच्या इतिहासात कुठल्याही उपकरणापेक्षा हा बदल मला मोठा वाटतो.

छापण्यापूर्वी बाहेरच्या जाणकारांकडून लेख तपासून घेण्याची पद्धत आज विज्ञानाचा पाया मानली जाते. ती एवढी जुनी नाही. ‘नेचर’ हे नामवंत विज्ञान नियतकालिक १८६९ मध्ये सुरू झाले, पण तिथे प्रत्येक लेखाला अशी तपासणी सक्तीची झाली ती १९७३ मध्ये.

कोल्हापुरात छापील ज्ञान साठवण्याची सोय लवकर झाली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, राजाराम कॉलेज १८८० चे. राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायन आणि पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तके लिहिली. युरोपातल्या प्रयोगशाळांतून निघालेले निष्कर्ष इंग्रजी ग्रंथांतून इथे येत आणि मोडकांसारखा एखादा माणूस ते मराठीत आणी. वाहतूक एकाच दिशेची होती. इथून बाहेर जाण्यासारखे संशोधन व्हायला अजून अवकाश होता.

दरम्यान जगभरात लेखांचा पूर आला. आपल्या विषयात काय छापून आले हे शोधणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले. रसायनशास्त्रात १९०७ पासून ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ निघू लागले. त्यात जगभरच्या लेखांचे सारांश आणि सूची असत. भारतात एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये पुस्तकांची विषयवार मांडणी करण्याची ‘कोलन वर्गीकरण’ ही पद्धत मांडली. ग्रंथालयाची मांडणी वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९५२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत इन्सडॉक ही संस्था उभी राहिली. कुठले नियतकालिक देशातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे याची यादी करणे आणि मागणीप्रमाणे लेखाची प्रत पाठवणे, ही तिची कामे होती.

१९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा संशोधन करायचे म्हणजे काय करावे लागे, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगूनही पटणार नाही. आधी सारांशांचे जाड खंड चाळायचे. हव्या लेखाचा तपशील कार्डावर उतरवायचा. नियतकालिक आपल्याकडे नसेल तर पुण्या-मुंबईची गाडी धरायची, किंवा थेट लेखकाला पोस्टकार्ड टाकून लेखाची प्रत मागायची. जर्मनीतून, जपानमधून लेखक पदरचे टपाल लावून प्रती पाठवत. या सौजन्यावर भारतातल्या लहान विद्यापीठांनी कितीतरी वर्षे संशोधन केले. आज बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठाचे ग्रंथालय वाढले ते या काळात. कुठले नियतकालिक घ्यायचे आणि कुठले बंद करायचे, हा निर्णय डॉलरच्या भावावर अवलंबून असे.

वनस्पतिशास्त्राचे उदाहरण इथे सविस्तर घ्यायला हवे, कारण कोल्हापूरचे नाव या विषयात जगभर आहे आणि नोंद, मांडणी, प्रसार या तिन्हींची कसोटी याच विषयात सर्वांत कडक लागते. पश्चिम घाटात नवी वनस्पती दिसली म्हणून ती विज्ञानाच्या लेखी नवी होत नाही. फुलासकट फांदी आणायची, कागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, ठिकाण, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक लिहायचा. मग तिच्या जवळच्या प्रत्येक ज्ञात जातीशी तिची तुलना करायची. ही तुलना १७५३ मध्ये आलेल्या, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथापासून आजपर्यंत छापल्या गेलेल्या नावांशी करावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी कुणी ती जात वेगळ्या नावाने नोंदवली असेल तर नाव त्याचेच राहते. म्हणून इथे जुने कागद कधीच जुने होत नाहीत.

त्या जुन्या कागदांपैकी पुष्कळसे परदेशात. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. आपल्या डोंगरांवरून ब्रिटिश काळात गोळा झालेले कितीतरी नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात गेले. आपल्या घाटातले झाड ओळखायला कोल्हापूरच्या माणसाने लंडनकडे पाहायचे, अशी ही स्थिती होती. त्यावर नियम वेगळेच. १९३५ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. १९५८ पासून प्रत्येक नव्या नावामागे एक निश्चित नमुना ठरवून देणे बंधनकारक झाले. १ जानेवारी २०१२ पासून मोठी सुटका झाली. लॅटिनऐवजी इंग्रजी चालू लागले आणि छापील अंकाशिवाय केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध झालेले नावही ग्राह्य धरले जाऊ लागले.

शिवाजी विद्यापीठाने स्वतःचा वनस्पतिसंग्रह उभारला. जगभरच्या संग्रहांच्या यादीत त्याचे संक्षिप्त नाव ‘एसयूके’. २००२ मध्ये एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. राधानगरी, आंबा, पन्हाळा, चंदगड या नावांना त्यामुळे वैज्ञानिक साहित्यात पक्की जागा मिळाली. २०२३ मध्ये विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या नव्या जातीला शिवरायांच्या नावावरून ‘सिरोपेजिया शिवरायियाना’ हे नाव मिळाले. ते जाहीर झाले न्यूझीलंडहून निघणाऱ्या ‘फायटोटॅक्सा’ या नियतकालिकात. विशाळगडाची नोंद ऑकलंडमार्गे जगाला कळते, यात कमीपणा काही नाही. नियम आणि वाचक जागतिक आहेत. पण मूळ नमुने आपल्याच देशातल्या संग्रहांत राहू लागले, हा कुकच्या काळापासून झालेला खरा बदल आहे.

याच काळात दुसरीकडे एक गोष्ट बिघडली. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. कुठल्या लेखाने कुठल्या लेखाचा आधार घेतला, याची ती सूची. हेतू होता शोधाचा माग काढण्याचा. पुढे तिच्यावरून नियतकालिकांची आणि मग माणसांची प्रतवारी होऊ लागली. आपल्याकडे बढतीसाठी लेखांचे गुण मोजले जाऊ लागले, तसे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावे एका फटक्यात काढून टाकली. पुढे तिच्या जागी आयोगाची ‘केअर’ ही नवी यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. यादी करून सचोटी आणता येत नाही, हे कळायला एवढी वर्षे जायला नको होती. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या तरुण संशोधकांचे यात फार नुकसान झाले.

इंटरनेटने मात्र लहान शहरांना हात दिला. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी लेख छापण्याआधीच सर्वांना मोफत वाचता येतील असा साठा सुरू केला, तो आज ‘अर्काइव्ह’ म्हणून ओळखला जातो. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने संशोधन सर्वांना खुले असावे ही मागणी नेमक्या शब्दांत मांडली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेने विद्यापीठांना एकत्रितपणे नियतकालिके मिळवून दिली. अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले आणि ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा खुला साठा उभा राहिला. पूर्वी पीएच.डी.चा प्रबंध काळ्या बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात बसे, आज कोल्हापूरचा प्रबंध गुवाहाटीतही वाचता येतो. क्यूने नमुन्यांची छायाचित्रे खुली केली, जुने वनस्पतिग्रंथ मोफत उपलब्ध झाले. नव्या वर्गणी योजनेमागे ही सगळी वाटचाल आहे. तिच्यातही एक फट आहेच. पहिल्या टप्प्यात सरकारी व्यवस्थापनाच्या संस्था आल्या, आणि आपल्या भागात विज्ञान शिकवणारी बरीच महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत.

हे सगळे संशोधकांनी संशोधकांपर्यंत पोहोचण्याबद्दल झाले. सामान्य माणसापर्यंत निष्कर्ष जाण्याची रीतसर वाट आपल्याकडे एकाच क्षेत्रात नीट बांधली गेली, ती म्हणजे शेती. कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘८६०३२’ आणि ‘२६५’ हे उसाच्या जातींचे आकडे असतात. पहिली जात कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची. आकड्यातले ८६ हे तिच्या नोंदीचे वर्ष. दुसरी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची. प्रयोगाचे निष्कर्ष कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत तपासले जातात, शिफारस होते, ती राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कृषिदर्शनी’ या प्रकाशनात मराठीत छापली जाते आणि शिवारात पोहोचते. कोल्हापुरातल्या ऊस व गूळ संशोधन केंद्राचे कामही याच वाटेने गुऱ्हाळापर्यंत जाते.

विद्यापीठातल्या रसायन, पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र यांना अशी वाट नाही. मोडकांनी एकट्याने जे केले ते आता संस्थेला करता येईल. शोधगंगेवर प्रबंध चढवताना त्यासोबत दोन पानांचा मराठी सारांश मागावा, मार्गदर्शकाने तो तपासावा आणि प्रबंधाच्या शेजारीच ठेवावा. नवा खर्च जवळजवळ नाही, आणि आजऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकाला आपल्या तालुक्यातल्या झाडांवर, पाण्यावर, मातीवर काय काम झाले आहे ते स्वतः वाचता येईल.