युरोप व युरोपीय संघ : लोकसंख्या-तुलनेतील गल्लत

युरोप हे खंड आणि युरोपीय संघ ही करारबद्ध राज्यांची संघटना, यांपैकी एकाची लोकसंख्या दुसऱ्याच्या नावावर मांडण्याची चूक. खंडाची लोकसंख्या सुमारे ७४–७५ कोटी, तर २७ सदस्य राष्ट्रांच्या संघाची सुमारे ४५ कोटी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी (सुमारे ३४ कोटी) तुलना केल्यास खंड दुपटीहून मोठे, तर संघ जेमतेम एक-तृतीयांशाने मोठा ठरतो. दरडोई आकड्यांत ही चूक लपून राहते व म्हणून अधिक घातक ठरते : संघाच्या उत्पन्नाला खंडाच्या लोकसंख्येने भागले, तर उत्तर सुमारे ४० टक्क्यांनी कमी येते.

तफावतीचा बराच भाग रशिया, युनायटेड किंग्डम व युक्रेन यांचा आहे. त्यांतही रशियाचा किती भाग युरोपात धरावा, हा जुना वाद. प्राचीन ग्रीकांपैकी काही फासिस (आजची रिओनी), तर काही तानाइस (डॉन) ही नदी सीमा मानीत. उरल पर्वताची सीमा अठराव्या शतकात रूढ होऊ लागली. तिचे श्रेय सामान्यतः रशिया व स्वीडन यांच्यातील पोल्टाव्हाच्या लढाईनंतर (१७०९) सायबीरियात युद्धकैदी राहिलेला स्वीडिश अधिकारी श्ट्रालेनबेर्ग याला देतात. त्याचा ग्रंथ १७३० मध्ये प्रसिद्ध झाला. ही कल्पना आपण त्याला सुचविली, असे रशियन इतिहासकार व भूगोलज्ञ तातिश्चेव्ह याचे म्हणणे होते. तो उरलमधील खाणींचा प्रशासक होता, हे पाहता त्याचा दावा सहज बाजूला सारता येत नाही. कॉकेशसकडील सीमा पर्वताच्या जलविभाजकावरून न्यावी की त्याच्या उत्तरेकडील कुमा-मानिच खोलगटीतून, याविषयी आजही एकमत नाही.

संयुक्त राष्ट्रांची सांख्यिकी हा वाद टाळून संपूर्ण रशिया पूर्व युरोपात धरते. त्यामुळे खंडाच्या प्रचलित आकड्यात सायबीरियाही येतो. तुर्कस्तान व सायप्रस मात्र पश्चिम आशियात मोडतात. सायप्रस २००४ पासून संघाचा सदस्य आहे. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना व हिंदी महासागरातील रेयुनियाँ या फ्रान्सच्या प्रदेशांची लोकसंख्याही संघात मोजली जाते. थोडक्यात, संघ हा खंडाचा निव्वळ उपसंचही नव्हे.

संघाची व्याप्ती काळानुसार बदलते. ३१ जानेवारी २०२० रोजी युनायटेड किंग्डम बाहेर पडताच त्याची लोकसंख्या सुमारे ५१ कोटींवरून ४५ कोटींच्या खाली आली; खंडाच्या लोकसंख्येत त्यामुळे काहीच फरक पडला नाही. म्हणून युरोस्टॅट ही संघाची सांख्यिकी संस्था मागील वर्षांचे आकडेही आजच्या २७ राष्ट्रांपुरते काढून देते.

आफ्रिकी संघात जवळजवळ संपूर्ण खंड येत असल्याने तेथे अशी तफावत नगण्य आहे.